येशू यहुदी होता, तर मग ही दोन घराणी दुरावली कशी?

प्रश्न वसईच्या एका वाचकाने विचारला आहे, आणि तो थोडक्यात असा: प्रभू येशू, त्याची आई आणि बाराही शिष्य यहुदी होते हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, मग यहुदी धर्म ही ख्रिस्ती धर्माची जुनी आणि आता संपलेली पायरी आहे असे समजायचे का? दोघांत एवढे वैर कुठून आले? आणि आमच्या धर्मग्रामात पवित्र सप्ताहात यहुदी पद्धतीचे वल्हांडणाचे (मिसर देशातील गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाचे) भोजन करावे असे चालले आहे, ते योग्य होईल का? मी बरीच वर्षे सेमिनरीत बायबलचा इतिहास शिकवतो आणि प्रवचनाची तयारी करणाऱ्या तरुणांबरोबर बसतो, त्यामुळे या तिन्ही शंका माझ्यासमोर वारंवार येतात. तिन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती सलगच देतो.

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. येशूच्या काळचा यहुदी धर्म एकसाची नव्हता. इतिहासकार जोसिफस सदूकी, परूशी आणि एसेनी या पंथांची माहिती देतो, आणि १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांनी या विविधतेचा लेखी पुरावाच हाती दिला. यरुशलेमचे मंदिर, मोशेचे नियमशास्त्र, शब्बाथ म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, आणि एकच देव हे सर्वांचे समान धन होते. त्याचा अर्थ कसा लावायचा, यावर मात्र कडाक्याचे वाद चालत. मेलेले पुन्हा उठतील की नाही, हा त्यांतला एक मोठा वाद होता. सदूकी पुनरुत्थान मानत नसत, परूशी मानत, आणि मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू या प्रश्नावर नेमकी परूशांची बाजू घेतो. त्याच अध्यायात एक शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचा जाणकार, त्याला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारतो. येशू उत्तर देतो ते जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ‘हे इस्राएला, ऐक’ या वचनाने, जे आजही धर्मनिष्ठ यहुदी सकाळ-संध्याकाळ म्हणतात, आणि त्याला शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ‘लेवीय’ या पुस्तकातील आज्ञा जोडतो. शास्त्री ते मान्य करतो, आणि येशू त्याला सांगतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. शास्त्री म्हटला की ढोंगी, अशी सवय लागलेल्या प्रवचनकारांना मी हा उतारा मुद्दाम मोठ्याने वाचायला लावतो.

आणखी एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. मत्तयाच्या नवव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री मागून येऊन येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. चित्रांमध्ये आपण तिला झग्याची किनार धरताना पाहतो आणि पुढे जातो. पण जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात इस्राएल लोकांना आज्ञा आहे की वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत आणि त्यांत निळा दोरा घालावा, म्हणजे ते पाहून देवाच्या आज्ञांची आठवण राहील. ती स्त्री ज्याला शिवली तो हाच गोंडा. पुढे तेविसाव्या अध्यायात येशू काही जणांवर टीका करतो ती गोंडे लोकांना दिसावेत म्हणून मोठे करण्यावर आहे, गोंडे लावण्यावर नाही. नियमशास्त्र पाळणारा मनुष्य ते कसे पाळावे याबद्दल आपल्याच लोकांशी भांडतो आहे, हे चित्र एकदा मनात ठसले की शुभवर्तमानांतील अनेक वाद वेगळे वाचता येतात. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचे वचन आपण यहुदी धर्माविरुद्धचे म्हणून उद्धृत करतो. पण शब्बाथ तुमच्या हाती दिला आहे, तुम्हाला शब्बाथाच्या हाती दिलेले नाही, असे जवळजवळ तेच वचन रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, प्राचीन भाष्यातही आहे.

तेव्हा यहुदी धर्म ही ख्रिस्ती धर्माची मागे पडलेली पायरी नाही. आज जगात जो यहुदी धर्म आहे तो प्रामुख्याने रब्बींच्या परंपरेतून आलेला आहे, आणि त्या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथ, मिश्ना, इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला, म्हणजे नव्या करारातील पुस्तके लिहिली गेल्यानंतर. मंदिर असलेल्या काळातील त्या एकाच विविधरंगी घरातून दोन घराणी निघाली, आणि दोघांनीही मंदिर नष्ट झाल्यावर आपापल्या रीतीने उत्तर शोधले. हे मी ठामपणे सांगतो, कारण आपल्याकडे यहुद्यांविषयी जे गैरसमज आहेत त्यांतले निम्मे तरी ‘जुना करार म्हणजे यहुदी धर्म’ या समीकरणातून येतात.

आता दुरावा. तो एका दिवसात किंवा एका सभेत झाला नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात, साधारण इसवी सन ४९ मध्ये, यरुशलेमात जी सभा झाली तिच्यापुढचा प्रश्न असा होता की येशूवर विश्वास ठेवणाऱ्या परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, सुंता करून यहुदी व्हावे की नाही. यहुदी विश्वासणाऱ्यांनी नियमशास्त्र सोडावे का, असा प्रश्न तिथे कोणी विचारलाही नाही. प्रेषित पौल स्वतःची ओळख बन्यामिनाच्या वंशातला, आठव्या दिवशी सुंता झालेला परूशी अशी करून देतो. पण परराष्ट्रीयांना दार उघडल्यावर काही दशकांतच मंडळ्यांमध्ये त्यांची संख्या वाढली, आणि नेमक्या त्याच सुमारास, इसवी सन ७० मध्ये, रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. यहुदी लोक दरवर्षी मंदिरासाठी जो कर देत, तो रोमने यापुढे ज्युपिटरच्या देवळासाठी वसूल करायला सुरुवात केली. यहुदी कोण आणि कोण नाही, हा प्रश्न त्यामुळे सरकारी वसुलीचाही झाला. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली दुसरे बंड झाले आणि ते चिरडल्यावर यहुद्यांना यरुशलेमात राहण्याची बंदी झाली. ज्याला काही लोक मशीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणारा, मानत होते अशा त्या सेनानीच्या मागे येशूला मशीहा मानणारे जाणे शक्य नव्हते. भंग पावलेल्या विश्वासाच्या त्या काळात दोन्ही बाजूंनी भाषा तिखट होत गेली.

तरीही याच दुसऱ्या शतकात मंडळीने एक निर्णय घेतला, ज्याचे महत्त्व मला फार वाटते. मार्सियन नावाचा धनाढ्य शिक्षक रोममध्ये शिकवू लागला की इब्री शास्त्रांचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, म्हणून मोशे, यशया, स्तोत्रे हे सगळे बाजूला ठेवावे. इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. म्हणजे यहुद्यांशी भांडत असतानाही मंडळीने त्यांची शास्त्रे आपली म्हणून राखली. दुर्दैवाने त्याच राखण्याला पुढे असे वळण लागले की ही शास्त्रे आता केवळ आमची, तुम्हाला ती कळतच नाहीत. सार्दीसचा बिशप मेलितो याच शतकात पास्कावरील (वल्हांडणावरील) आपल्या प्रवचनात इस्राएलावर देवाचा वध केल्याचा आरोप करतो. पुढे शतकानुशतके चाललेल्या आरोपाचे हे पहिल्या ठळक नमुन्यांपैकी एक आहे.

सामान्य माणसे मात्र इतक्या सहज वेगळी झाली नाहीत. ३८६ आणि ३८७ मध्ये सिरियातील अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तम या धर्मगुरूने यहुदी चालीरीती पाळणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध आठ प्रवचने दिली. पहिल्याच प्रवचनात तो स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो: एक ख्रिस्ती म्हणवणारा पुरुष एका कुलीन ख्रिस्ती स्त्रीला शपथ घेण्यासाठी यहुद्यांच्या सभास्थानात (प्रार्थनास्थळात) ओढून नेत होता. ख्रिसोस्तमने त्याला अडवून कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की तिथे घेतलेल्या शपथेचा धाक जास्त असतो, असे त्याला अनेकांनी सांगितले आहे. निकिया येथील ३२५ च्या धर्मसभेला साठ वर्षे झाली होती, ईस्टरची तारीख यहुदी पंचांगावर अवलंबून ठेवायची नाही असे ठरून गेले होते, आणि तरी अंत्युखियाचे ख्रिस्ती लोक सभास्थानात जात होते, यहुद्यांचे सण पाहत होते, त्यांचे उपवास धरत होते. ती प्रवचने वाचताना मला फार क्लेश होतात, कारण सभास्थानाबद्दल त्यांत जे शब्द आहेत ते कोणत्याही व्यासपीठावर उच्चारू नयेत असे आहेत. पण त्यांचा जळफळाट ज्या वस्तुस्थितीतून आला तीही विसरता कामा नये: शेजार चालू होता, आणि तो तोडण्यासाठीच एवढा आवाज चढवावा लागला.

वैराचे मूळ माझ्या मते इथेच आहे. नव्या करारातील कठोर शब्द यहुद्यांनी यहुद्यांशी भांडताना उच्चारलेले आहेत, जसे यशया आणि यिर्मया आपल्याच लोकांना फटकारतात. तेच शब्द परराष्ट्रीयांच्या मंडळीच्या तोंडी गेले, आणि चौथ्या शतकानंतर त्या मंडळीच्या पाठीशी साम्राज्य उभे राहिले, तेव्हा घरातल्या भांडणाचे बोल बाहेरच्याच्या हातातले शस्त्र झाले. पौलाला हा धोका आधीच दिसला होता असे मला वाटते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्याला सांगतो की तू रानटी जैतुनाची फांदी आहेस, कलम करून लावलेली; फुशारकी मारू नकोस, कारण तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला आधार देते. पुढे इस्राएलाविषयी तो लिहितो की देवाची दाने आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत. हा अध्याय मंडळीने कधी काढून टाकला नाही. पण शतकानुशतके त्यावर बोलणेच टाळले.

पुढच्या घटना मी भराभर सांगतो, कारण त्या कुठेही वाचायला मिळतात. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झ या शहरांत यहुदी वस्त्याच्या वस्त्या मारल्या. श्पायरच्या बिशपने मात्र आपल्या शहरातले बहुतेक यहुदी वाचवले, हेही नोंदवले पाहिजे. १२१५ च्या चौथ्या लातेरान सभेने यहुद्यांनी वेगळे ओळखू येईल असा पेहराव करावा असे ठरवले. १२४२ मध्ये पॅरिसमध्ये तालमूद या रब्बींच्या ग्रंथाच्या प्रती गाड्या भरभरून जाळल्या गेल्या. १२९० मध्ये इंग्लंडमधून आणि १४९२ मध्ये स्पेनमधून यहुदी हद्दपार झाले. मार्टिन ल्यूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहुदी होता असे सांगणारी सौम्य पुस्तिका लिहिली आणि १५४३ मध्ये त्यांची सभास्थाने जाळावीत असे सांगणारी दुसरी.

यातला एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या यहुद्यांच्या घराण्यातला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि काही काळ मुंबई बेटही त्याच्याकडे पट्ट्याने होते. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा (इन्क्विझिशन) बसली, आणि सुरुवातीला तिचा रोख मुख्यतः अशाच नवख्रिस्ती घराण्यांवर होता, कारण ती घरात गुपचूप यहुदी धर्म पाळतात असा संशय होता. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळले गेले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून तीही जाळली गेली. धर्मन्यायसभेचा विषय निघाला की आपल्याकडे हिंदूंवरील जुलमाची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी; पण बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या अंगातले यहुदी रक्त हाच गुन्हा ठरवणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी ओर्ताच्या घराचा इतिहास प्रत्येक गोवेकर आणि वसईकर ख्रिस्ती माणसाला माहीत असावा.

दोघांचे संबंध केवळ रक्तपाताचेच होते असे नाही. प्राचीन ख्रिस्ती विद्वान जेरोम याने बेथलेहेमात यहुदी शिक्षकांकडून इब्री शिकून जुना करार लॅटिनमध्ये आणला. चौदाव्या शतकातील निकोलस ऑफ लीरा या फ्रान्सिस्कन भाष्यकाराने राशी या यहुदी भाष्यकार रब्बीच्या भाष्याचा आधार पानोपानी घेतला. आणि आपल्या कोकणात याच्या अगदी उलट दिशेचे देणे घडले. अलिबाग, पेण, रोह्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी लोक, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले जात. शेमा, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ हे वचन, त्यांना तोंडपाठ होता, पण इब्रीचे ज्ञान जवळजवळ उरले नव्हते. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण लिहिले, शाळा काढल्या, आणि मराठी बायबल त्यांच्या हाती दिले. हेतू धर्मांतराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. झाले मात्र असे की ख्रिस्ती फारच थोडे झाले, आणि बाकीच्यांनी त्या इब्रीच्या आणि मराठी बायबलच्या आधारे आपला यहुदी धर्म अधिक पक्का केला. जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी यहुदी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह निघाली, जिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. दिलेल्या ज्ञानाचा उपयोग घेणाऱ्याने आपल्या श्रद्धेने केला, याचा ख्रिस्ती म्हणून मला खेद वाटत नाही, समाधानच वाटते.

विसाव्या शतकातला बदल युरोपातील साठ लाख यहुद्यांच्या संहारानंतर आला. संहार करणारी विचारसरणी ख्रिस्ती नव्हती, पण तिच्या शेजाराला जी माणसे गप्प बसली ती बहुतांशी बाप्तिस्मा झालेली होती. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी त्यात गेली. त्यांनी उरलेले आयुष्य ख्रिस्ती शिकवणीतील यहुदीद्वेष शोधून दाखवण्यात घातले, आणि १९६० मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. त्याआधी १९५९ मध्येच या पोपनी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून यहुद्यांविषयीचा अवमानकारक शब्द काढून टाकला होता. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र मंजूर केले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, आणि त्यांना देवाने टाकलेले किंवा शापिलेले म्हणू नये, हे त्यातील चौथ्या भागाचे सार आहे, आणि त्याचा आधार म्हणून पौलाचा तोच दुर्लक्षित अकरावा अध्याय पुढे आला. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सभास्थानात गेले. १९९४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या लुथेरन मंडळीने ल्यूथरच्या यहुदीविरोधी लिखाणाचा जाहीर निषेध केला. २०१५ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केले की यहुद्यांसाठी म्हणून वेगळे संस्थात्मक मिशनकार्य कॅथलिक चर्च करत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही.

मतभेद मिटलेले नाहीत आणि मिटल्याचे सोंग करू नये. येशू मशीहा आहे की नाही, देव त्रैक्य आहे की नाही, येथे दोघांचे मार्ग वेगळे आहेत, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याला ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजच्या इस्राएल राज्याच्या धोरणांविषयी प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकाने मत बनवावे, ते टीकेचेही असू शकते; पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांचे दुःख आपले आहेच. ते मत ठाण्याच्या किंवा मुंबईच्या यहुदी शेजाऱ्यावर लादू मात्र नये.

राहिले तुमच्या धर्मग्रामातले वल्हांडणाचे भोजन. माझा सल्ला ते करू नये असा आहे. येशूच्या काळी कोकरू मंदिरात मारले जाई आणि शहरात बसून खाल्ले जाई. चार प्याले, मुलांचे प्रश्न, हगादाचे वाचन हा आजचा क्रम मुख्यतः मंदिर गेल्यावर रब्बींनी घडवला, त्यामुळे ‘येशूने केले तसे’ असे म्हणून तो करणे इतिहासाला धरून होत नाही. शिवाय शेवटचे भोजन वल्हांडणाचेच होते की नाही याविषयी शुभवर्तमानांतच फरक आहे: मत्तय, मार्क आणि लूक ते वल्हांडणाचे सांगतात, तर योहानाच्या मते कोकरे मारण्याच्या दिवशी येशू क्रूसावर होता. आणि युरोपात पवित्र सप्ताह हाच यहुदी वस्त्यांवरील हल्ल्यांचा काळ असे, म्हणून त्यांची अत्यंत प्रिय रात्र त्याच सप्ताहात आपण उचलून आपल्या अर्थाने सजवणे त्यांना बोचते. एखाद्या यहुदी कुटुंबाने तुम्हाला आपल्या घरी बोलावले, तर मात्र अवश्य जा, आणि पाहुण्यासारखे बसा. तुम्हाला ठाणे जवळ आहे. तिथले सभास्थान १८७९ पासून उभे आहे, आधी विचारून, परवानगी घेऊन युवकांना तिकडे नेता येईल.

धर्मग्रामात करायचेच असेल तर दोन कामे करा. गुड फ्रायडेला योहानाचे दुःखसहनाचे वृत्तांत वाचण्यापूर्वी दोन मिनिटे सांगा की क्रूस ही रोमन शिक्षा होती, आज्ञा पिलाताची होती, आणि या वृत्तांतात ‘यहुदी’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते बहुतेक ठिकाणी यरुशलेमचे अधिकारी आहेत. मरिया, योहान आणि क्रूसावरचा येशूही यहुदीच होते. दुसरे, आपल्याच उपासनेत जे आधीपासून आहे ते नीट शिकवा. पवित्र गुरुवारचे पहिले वाचन निर्गमाच्या बाराव्या अध्यायातील वल्हांडणाच्या कोकराचे आहे, आणि ईस्टरच्या रात्रीच्या जागरविधीत बाकीची वाचने कमी करण्याची मुभा असली तरी समुद्र ओलांडण्याचा निर्गमाचा चौदावा अध्याय कधीही गाळता येत नाही. या दोन अध्यायांवर प्रायश्चित्तकाळात तीन-चार संध्याकाळी अभ्यासवर्ग घ्या, आणि शेवटच्या वर्गाला रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय ठेवा.